पडदे ओढण्याचा दिवस

प्रिय डीलिया,

नाताळच्या कार्डावरच्या दोन ओळींपलीकडे मी तुला वर्षानुवर्षं काही लिहिलेलं नाही. त्यामुळे हे जाड पाकीट पाहून कुणी गेलं की काय, असं तुझ्या मनात येईल. गेलाच आहे. माझा भाऊ मॅलकी आपल्याकडच्या जूनच्या ऐन थंडीत गेला. वारा फार होता म्हणून फादरांनी प्रार्थना आवरती घेतली, आणि आलेली मंडळी माझ्या हातचा केक खाऊन उजेड आहे तोवर पांगली. तेव्हापासून या घरात बोलणारी मी एकटी. शाळेत शिकवत होते तेव्हा वर्गभर पोरांच्या गोंगाटाने माझं डोकं उठायचं. आता किटलीचं झाकण थडथडलं तरी मी तिला ‘आले गं’ म्हणते.

अगदी एकटी म्हटलं तर रॉडीला राग येईल. रॉडी म्हणजे मॅलकीचा पैदाशीचा घोडा. वर्तमानपत्रात ‘प्रिन्स रॉडरिक’, घरात रॉडी. सकाळी मला उशीर झाला की तो तबेल्याच्या दारावर टाप आपटतो, आणि खरं सांगते, त्या आवाजासाठीच मी कधीकधी मुद्दाम लोळत पडते. मॅलकीची कंबर धरल्यापासून त्याचा दाणापाणी, खरारा, पायांच्या केसांच्या झुपक्यांतला चिखल काढणं, सगळं माझ्याकडेच होतं. मॅलकीने फक्त फेरी सोडली नाही. वसंत लागला की सोमवारी रॉडीला घेऊन निघायचा, शेतोशेत मुक्काम करत, तिथल्या घोड्या फळवून शनिवारी परतायचा. या सपाट मुलखातल्या निम्म्या नांगरांना आज रॉडीची पोरं जुंपलेली आहेत.

यंदा ती फेरी झाली नाही, तिचे पैसे आले नाहीत, तर त्याला पोसणं मला जमायचं नाही. हे शेजारच्या प्रॅटला माझ्याआधी कळलं. रोज कुंपणाला टेकून विचारायचा, ‘काय मिस क्विलिगन, ठरलं का? मी घेतो की त्याला. एकदा खच्ची केला की कसा शांत होईल, नांगराला बरा.’ इतक्या वर्षांत या गृहस्थाने माझी कधी विचारपूस केली नाही, घोड्याची मात्र केवढी काळजी! मी म्हटलं, ‘मिस्टर प्रॅट, नांगराला तुम्हीही बरे दिसाल.’ तेव्हापासून कुंपण मोकळं आहे. घोडा फिरवायला मोतद्दार शोधला, तर एकच मिळाला. तो पहिल्याच सकाळी पिऊन आला, आणि रॉडीने त्याचा दंड दातांत धरला. मग मी ठरवलं, फेरी मीच करायची. पोनी गाडीला, रॉडी गाडीच्या बाजूने.

पेपरात फेरीची जाहिरात द्यायला गेले तर संपादकांचा चेहरा पडला. ‘असल्या मजकुराखाली बाईचं नाव? अहो, घराघरांत वाचतात आमचा पेपर!’ मग छापलं काय? घोड्याच्या आईचं नाव, आजीचं नाव, पणजीचं नाव, तिला मिळालेलं बक्षीस, आणि शेवटी ‘मालकाशी बोलावे’. म्हणजे या जिल्ह्यात घोडीचं नाव चारचौघांत मानाने घ्यायचं, बाईचं घ्यायचं नाही.

गेल्या शनिवारी गावात पैदाशीच्या घोड्यांची मिरवणूक होती. तुला आपल्या कॉन्व्हेंटातला तो मिरवणुकीचा दिवस आठवतो का? मदर इग्नेशियसने सगळे पडदे ओढून आपल्याला जपमाळ घेऊन बसवलं होतं. खालून बँड वाजत होता, आणि मी सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून होते. तू मात्र एका बोटाने पडद्याची कड उचललीस आणि माझ्या कानात म्हणालीस, ‘नोरा, त्याच्या शेपटीत लाल फिती आहेत. आणि बघितलं तरी काही होत नाही.’ त्यासाठी तुला जेवणाच्या हॉलमध्ये गुडघे टेकून बसवलं, आणि तू तिथूनही मला डोळे मिचकावत होतीस.

पडद्यांची ती रीत तशीच आहे. मिरवणुकीचे चिटणीस ट्वीडी घरी येऊन म्हणाले, ‘घोडा पाठवा, खुशाल पाठवा. तुम्ही येऊ नका म्हणजे झालं. त्या दिवशी बायका बाहेर पडत नाहीत, तुम्हाला काय सांगायचं!’ मी म्हटलं, ‘मग मला मोतद्दार समजा.’ सुतकाचा काळा पोशाख घातला, रॉडीच्या आयाळीत फिती विणल्या, आणि लगाम धरून भर रस्त्याने चालले. दोन्ही बाजूंना पुरुष. निम्मे माझे जुने विद्यार्थी. मग शेतकरी गेडीसची टोपी आपोआप उतरली, तोंडातून ‘गुड मॉर्निंग, बाई’ निघालं, आणि त्याच्यामागून अख्खी रांग टोप्या काढत गेली. एकाने तर पेटता पाइप पाठीमागे लपवला! मला हसू आवरेना. वर पाहिलं, कुणी हसतंय का म्हणून.

सगळे पडदे ओढलेले होते, डीलिया. दुकानांच्या माडीवर, बँकेवर, हॉटेलवर. कुठे एक कडसुद्धा हलत नव्हती. माझ्या उभ्या आयुष्यात मी केलेलं एवढं एकच धाडस, आणि ते एकाही बाईने पाहिलं नाही. घरी येऊन मी सगळं रॉडीलाच सांगितलं. तो तिथे होताच म्हणा.

शेतकऱ्यांनी घोडा हवा म्हणून सांगितलं आहे. शिंगरं चांगली निघतात, तिथे सोवळं आड येत नाही. अडतं ते त्यांच्या बायकांपाशी. घोडेवाल्याला स्वयंपाकघरात जेवण आणि रात्रीला अंथरूण, ही फेरीची जुनी रीत. मॅलकीला कुठे कधी बाहेर झोपावं लागलं नाही. पण मिसेस गेडीस मला म्हणाल्या, ‘असल्या घोड्याबरोबर हिंडणाऱ्या बाईला मी मुलींसमोर कुठे बसवू? गवताची कोठी आहे, हवी तर.’ ज्या मुलींना मी अक्षरं शिकवली, त्या मुली. पुढच्या दोन घरांतूनही तेच उत्तर आलं. गवतात एक रात्र काढेन. आठवडाभर काढला तर माझे गुडघे मला शनिवारी घरी आणणार नाहीत, आणि प्रॅट वाट बघतोच आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुझे मिस्टर प्रॉटेस्टंट, त्यांना आमची कॅथलिकांची जपमाळ आणि मेणबत्त्या खपत नाहीत, म्हणून मी तुझ्या दाराशी कधी आले नाही आणि तूही कधी बोलावलं नाहीस. पण त्यांनी खोगीरवाल्याकडे निरोप ठेवला आहे: स्ट्रँगच्या, म्हणजे तुमच्याच, दोन घोड्या तयार आहेत, प्रिन्स रॉडरिकला बुधवारी पाठवा, त्याच्या माणसाची जेवणाखाण्याची सोय होईल. तो माणूस मी आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही. ते तुझ्यावर सोपवते. बुधवारी संध्याकाळी मी तुमच्या झुडुपांच्या कुंपणाशी येईन. टापांचा आवाज तुला लांबूनच येईल. घोडा यायचा म्हणून तेव्हा तुझ्या घरचे पडदे ओढलेलेच असतील, ते मी धरून चालले आहे. तू फक्त एका बोटाने कड उचल. मला दिसलं की मी गाडी आत वळवीन. नाही दिसलं तर मिस्टरांना म्हण, घोडा आलाच नाही. रॉडीच्या शेपटीत लाल फितीच बांधणार आहे.

अजूनही तुझीच,
नोरा