मुगुतीतला तीळ

मी, रेवणप्पा शंकरप्पा कलशेट्टी, वय ७४, धंदा सराफी, राहणार भवानी पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय, मात्र रागात लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. राग किती आहे हे त्यांनी तपासले नाही. खालील सर्व मिळकत माझ्या स्वतःच्या कमाईची आहे.

१. राहते घर माझी पत्नी काशम्मा हिला संपूर्ण मालकी हक्काने द्यावे. "अव्वा, तुला एवढं घर कशाला?" असे तिला कोणी विचारू नये. विचारणारा कोण असेल ते मला ठाऊक आहे.

२. दुकान, तराजू आणि भिंग मुलगी भुवनेश्वरी हिला द्यावे. भिंगासोबत एक समज देतो. डागी हिरा स्वस्तात समोर आला, की आधी डाग कुठे आहे ते बघावे. काठाला असेल तर खुशाल घ्यावा आणि नव्याने पैलू पाडून घ्यावेत, थोडक्यात निभावते. पोटात असेल तर डाग काढता काढता अर्धा हिरा जातो. असा हिरा एकतर घेऊ नये, नाहीतर आहे तसा घालावा.

३. पोटात डाग असलेला असा एक हिरा मी लग्नाच्या वर्षी घेतला होता. डाग काळा, खसखशीच्या दाण्याएवढा. वडील म्हणाले, याला गिऱ्हाईक मिळणार नाही. मलाही ते पटत होते, पण त्याचे पाणी बघून हात मागे येईना. कापायला सुरतेला पाठवू का, असे काशम्माला विचारले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. माझ्या नाकाला डोळा लावून तुमच्याशिवाय कोण बघणार हाय?" मी तो तिच्या नाकातल्या मुगुतीत बसवला. त्या डागाला ती तीळ म्हणायची. जन्मभर तिने तो मिरवला.

४. मागच्या वर्षी तिचे ऑपरेशन झाले. आत नेण्याआधी नर्सने अंगावरचे दागिने उतरवून मुलगा मृत्युंजय याच्या रुमालात दिले. आई खाटेवर पडलेली असताना या दिवट्याने मुगुतीतला हिरा काढून सुरतेला धाडला. ना तिला विचारले, ना मला. ती घरी आल्यावर तिच्या तळहातावर ठेवून म्हणतो, "अव्वा, बघ की, डागच काढून टाकला! आता कुठं हिरा झालाय."

अर्धा उरला होता. लखलखत होता. तिने खिडकीशी नेऊन फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाली, "ह्यो माझा न्हाय." हा हसला! माझे हात अजून शिवशिवतात.

तेव्हापासून तिचे नाक उघडे आहे. मी दुसरी मुगुती आणली, ती घालत नाही. बोलता बोलता तिचा हात नाकाकडे जातो, तेव्हा मला तिच्याकडे बघवत नाही.

५. म्हणून मृत्युंजयला फक्त तो लखलखीत हिरा द्यावा, बाकी काहीही नाही. खोट काढायची एवढी हौस आहे, तर या मृत्युपत्रातही काढावी.

इथपर्यंत काशम्माला वाचून दाखवले. ती म्हणाली, "पाचवं खोडा. दुसऱ्याचा हिरा तुमी कसा देताय?" मग त्याला काय द्यायचे, असे मी चिडून विचारले. तिचा हात नाकाकडे गेला. मग म्हणाली, "पोटचं पोर हाय. निम्मं दुकान द्या त्याला. पर आदी म्हणावं, माझा मला आणून दे."

कलम ५ खोडले आहे; खाडाखोडीवर माझी सही आहे. त्याऐवजी असे वाचावे: मृत्युंजयने हा हिरा ज्याचा असेल त्याला परत करावा आणि काशम्माचा हिरा, तिळासकट, तिच्या हातावर आणून ठेवावा. आणील त्या दिवशी निम्मे दुकान त्याचे. हिरा तोच आहे की नाही हे काशम्मा सांगेल, आणि तिच्या शब्दावर कोर्टानेही भिंग लावू नये.

लिहून ठेवणार: रेवणप्पा शंकरप्पा कलशेट्टी (सही)

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या:
१. डॉ. सोमेश गुरुबसप्पा बिराजदार (सही)
२. गौरम्मा माळगे, शेजारीण (सही)

सोलापूर, ९ डिसेंबर २०२५