बिरप्पाची आमटी आणि माझी रजा

सोलापूर,
४ मे १९७४

तीर्थस्वरूप सौ. आक्कास,

धाकट्या धोंडिरामचा नमस्कार. इकडे उन्हानं अंगाची लाही होतेय, तरी आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि मीनाच्या लग्नाची धावपळ, यांतलं काय किती वाढलंय ते कळव. मीनाला बोहल्यावर मामानं, म्हणजे मी आणायचं, हे तिच्या बारशालाच ठरलं होतं. पण आक्का, येत्या गुरुवारी मला कुर्डुवाडीला येता येईल असं दिसत नाही. रागावण्याआधी पुढचं वाच.

सूतगिरणीत कामगारांची गाऱ्हाणी ऐकायची, हे माझं काम तुला ठाऊक आहे. त्यांतलं सगळ्यात जुनं गाऱ्हाणं कँटीनच्या आमटीचं. (ती इतकी पातळ, की वाढल्यावरही ताटावर कोरलेलं गिरणीचं नाव वाचता यायचं.) आचारी बिरप्पा अक्कलकोटकडचा, मनानं चांगला, पण पाणी घालताना हात सैल. त्याला समज देऊन झाली. नोटीस लावली, तर नोटिशीवर आमटी सांडली. शेवटी मॅनेजरांनी सभेत सांगितलं की अधिकाऱ्यानं आधी स्वतः करून दाखवावं, मग लोक आपोआप करतात. मी ते मनावर घेतलं. (बाकीच्यांनी चहा घेतला.)

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या पाळीबरोबर, त्यांच्याच बाकावर, तसल्याच ताटात जेवायला बसलो. बिरप्पानं मला वेगळ्या भांड्यातून, वर तूप घालून वाढलं. ते मी सगळ्यांदेखत परत केलं आणि मोठ्या पातेल्यातलं मागितलं. एक घास खाऊन बिरप्पाकडे नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी अख्खं पातेलं दाट. आमटीत डाळ होती, डाळीत शेवग्याच्या शेंगा होत्या. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, काम झालं. आठवड्यानं मी घरच्या डब्याकडे वळलो आणि त्याच दुपारी ताटावरचं गिरणीचं नाव पुन्हा दिसू लागलं.

मग कोंडीबा आला. हा कातणखात्यातला म्हातारा जॉबर, म्हणजे मुकादम, कामगारांच्या वतीनं बोलणारा. म्हणाला, "साहेब, तुमी बसला की आमटी घट्ट हुतीया. तवा तुमी बसतच जावा की. आमी काय जादा मागतोय व्हय?"

तेव्हापासून मी बसतोय. आधी पहिल्या पाळीला. मग दुसऱ्या पाळीनं विचारलं की आमी काय पाप केलं, म्हणून तिलाही. मी पहिला घास घेईपर्यंत कुणी ताटाला हात लावत नाही. माझा चेहरा बघतात आणि मग जेवतात. एकादशीलासुद्धा सुटका नाही. (हे तुझ्या भावजयीनं अजून माफ केलेलं नाही. ती म्हणते, त्या बिरप्पाच्या हाताला एवढी चव असली तर रात्रीचंही तिकडंच उरकून येत जावा.) मला वाटलं होतं, माझं बघून बाकीचे अधिकारीही येऊन बसतील. ते येतात, दारातून मला जेवताना बघतात आणि समाधानानं घरी जेवायला जातात.

रजेचा अर्ज मॅनेजरांनी लगेच मंजूर केला. अडवलं कोंडीबानं, तेही न अडवता. "भाचीचं लगीन हाय, जावा की. फकस्त त्या दिशी आमी काय खायाचं, तेवढं सांगून जावा."

बदली म्हणून मी टाइमकीपर हिंदुरावांना एक दिवस बसवून पाहिलं. भला माणूस. त्यांनी पातळ आमटी तीनदा मागून घेतली आणि वर बिरप्पाची पाठ थोपटली. त्या दुपारी कामगारांनी ताटं उपडी ठेवली आणि उपाशीपोटी पाळी पुरी केली. आता रजा खिशात आहे आणि पाय निघत नाही. चांगल्या आमटीची सवय मीच लावली. सगळी गिरणी उपाशी ठेवून मी मीनाच्या पाठीशी कुठल्या तोंडानं उभा राहू? तेव्हा तिला आपल्या चुलतभावानं, रावजीनं, बोहल्यावर आणावं. मीनाची समजूत घाल. कशी घालायची ते मला विचारू नकोस. माझीच अजून पटलेली नाही.

तुझा,
धोंडिराम

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात कोंडीबा आला. त्यानं तोड काढली आहे. बिरप्पाच नसेल तर पातळ आमटीही नाही. गुरुवारी सगळे घरून भाकरी आणि शेंगाचटणी आणतील. 'भांड्यांना कल्हई करायची असल्याने कँटीन बंद' असं मी फळ्यावर लिहून टाकलं आहे. बिरप्पा सोलापुरात राहिला तर सवयीनं चूल पेटवील, म्हणून त्याला बरोबर आणतो. मी येतोय. रावजीला काही बोलू नकोस.

दुसरा ता. क. तुमचा आचारी ठरला असेल तर त्याला नको म्हणून सांग. मांडवात दुसऱ्याच्या हातची आमटी बघून बिरप्पाला वाईट वाटेल. बिचारा नवी पैरण शिवून तयार बसलाय.

तिसरा ता. क. एवढीच अडचण उरते. मी मीनाच्या पाठीशी उभा असताना बिरप्पासमोर बसायला कुणीतरी हवं. दाजी कन्यादानात अडकलेले असणार. तेव्हा तुझ्या सासूबाईंना विचार. त्यांनी काही खायची गरज नाही. तुझ्या लग्नापासून त्या माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात, तशाच पातेल्याकडे बघत बसल्या तरी पुरे.