शेजारच्या सीटचा ब्रेक

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला धाकट्या म्हणते म्हणून नाक मुरडू नकोस. फोनवर तू ओरडतोस, आणि तुझ्या ओरडण्यात माझं सांगायचं राहून जातं, म्हणून हे पत्र.

निवृत्त होऊन सहा महिने झाले. चौतीस वर्षं एक्स-रे विभागात लोकांची हाडं पाहिली, आता म्हटलं जरा स्वतःच्या आत डोकवावं. इथल्या वाचनालयाच्या माडीवर बुधवारी सकाळी कबालाचा वर्ग भरतो, तिथे नाव घातलं आहे. कबाला म्हणजे ज्यू लोकांची जुनी अध्यात्मविद्या, आणि त्या शब्दाचा अर्थ स्वीकारणं, घेणं. शिकवणारे गृहस्थ दातांचे डॉक्टर आहेत. बिचाऱ्यांना सवयच अशी, की समोरच्याने तोंड उघडलं की ते शांतपणे वाट पाहत बसतात.

पहिल्याच दिवशी त्यांनी कोरी वही दिली आणि प्रश्न लिहा म्हणाले. माझं तुला ठाऊक आहे, अर्ध्या तासात चार पानं भरली. हिब्रू यायला हवी का, हे पहिलं. नको म्हणाले, सुरुवातीला पाच-सहा शब्द पुरतात. मग विचारलं, आमच्यासारख्या ज्यू नसलेल्या बायकांना चालतं का. पूर्वी चाळिशी ओलांडलेल्या, शास्त्र शिकलेल्या संसारी पुरुषांनाच शिकवत, आणि आजही काहींना तेच योग्य वाटतं, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. या वर्गात मात्र कोणीही यावं. मी म्हटलं, चाळिशी ओलांडून तेवीस वर्षं झाली, बाकीच्या अटींना माझा इलाज नाही. दृष्ट लागू नये म्हणून मनगटाला बांधायच्या लाल दोऱ्याचं विचारलं, तर दोरे हवे असतील तर दुकान चुकलं म्हणाले. घरदार सोडावं लागतं का, याचं उत्तर मला आवडलं. ही विद्या घरातच करून पाहायची असते, कारण आपल्याला वैताग देणारी माणसं तिथेच असतात.

शेवटचा प्रश्न होता, आपण पुढे सरकलो हे ओळखायचं कसं. त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. स्वतःकडे बघून ते कळणार नाही, जवळच्या माणसांकडे बघत राहा, एवढंच म्हणाले आणि त्याखालचं पान कोरं ठेवायला सांगितलं.

तुझ्या ठकूच्या रुग्णवाहिका चालवायच्या चाचणीचं काय झालं? पोरीचं लक्ष दुसरीकडे कुठेच नाही, हे तिच्या मागच्या चिठ्ठीतून दिसलं. तिला पापा.

माया आहे, ती तू ओरडलास तरी कमी होणार नाही.
तुझी ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ठकूच्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, चांगलं आहे. मी म्हणालो, दात उपटणाऱ्याकडून देव शिकायचा म्हणजे दिवे ओवाळायचे. तू चिडणार नाहीस म्हणून लिहितो, आणि चिडलीस तरी लिहितो.

इकडची बातमी बरी नाही. ठकू दुसऱ्यांदा नापास झाली. शेरा तोच, ब्रेक उशिरा लावते. रुग्णालय तीनदाच संधी देतं. तिसरी वीस एप्रिलला. ती गेली की पोरीने रुग्णवाहिकेचं नाव काढायचं नाही. ती जेवते, बोलते, पण त्यांनी दिलेला तिसऱ्या चाचणीचा निळा अर्ज तिने उशीखाली ठेवलाय.

मला हे पटत नाही, ताई. माझ्या शेजारी बसून ही मुलगी इतकी अलगद गाडी चालवते, की पेलाभर पाणी ठेवावं आणि थेंब सांडू नये. परवाना मिळून दोन वर्षं झाली, तीही परीक्षा माझ्याच गाडीत, मी शेजारी असताना, पहिल्या झटक्यात पास. ती म्हणते, चाचणीच्या गाडीचा ब्रेक जड आहे. मी म्हणतो, त्यांची गाडीच खटारा असणार. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीच्या पाठीवर काय लिहिलंय ते तुला माहीत आहे: एकतीस वर्षं, एकही ओरखडा नाही. गाड्या चार बदलल्या, अक्षरं तीच. आकडा तेवढा दर वर्षी मी स्वतः रंगवतो. हे काही फुशारकीने लिहीत नाही. बरं, लिहितो.

आता रोज सकाळी दोन तास तिला बाहेर काढतो. तिसऱ्यांदा पोरगी नापास झाली तर मी तोंड कुठे दाखवू?

तुझ्या दातवाल्या गुरूंना नमस्कार. मला विसरू नकोस म्हणजे झालं.
तुझा,
धाकटा (नाइलाजाने)

२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ठकूचं वाचून वाईट वाटलं, आणि तुझं वाचून हसू आलं. नापास ती झाली आणि तोंड तू लपवतोस.

आमच्या वर्गात गेल्या दोन बुधवारी एकच गोष्ट चालली आहे. या लोकांचं म्हणणं असं, की आधी सगळीकडे फक्त प्रकाश होता, काठोकाठ. दुसऱ्या कशालाही जागाच नव्हती. म्हणून त्या प्रकाशाने स्वतःला आवरलं, मागे घेतलं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत हे जग झालं. त्या मागे सरकण्याला ते त्सिमत्सुम म्हणतात. मला तो शब्द तीन दिवस पाठ होईना, भाजी चिरताना घोकला.

मी विचारलं, देणाऱ्याने मागे का सरकावं, भरभरून देत राहिलं तर काय बिघडलं? डॉक्टर म्हणाले, न कमावता मिळत राहिलं तर घेणाऱ्याला लाज वाटते. त्याला त्यांच्यात एक नाव आहे, लाजेचा घास. पोट भरतं, पण मान वर होत नाही.

घरचा अभ्यास असा होता: आठवडाभर बघायचं, दुसऱ्याची जागा आपण कुठे व्यापून बसलोय. मला वाटलं, माझ्या वाट्याला यातलं काही येणार नाही. मग शेजारीण आली. ती बोलताना अडखळते, आणि दहा वर्षं तिची वाक्यं मी पुरी करते. मदत म्हणून, हो. या वेळी जीभ आवरून बसले. एक वाक्य पुरं व्हायला इतका वेळ लागला की माझा चहा निवला. पण ते वाक्य असं होतं, की तरुणपणी ती बुद्धिबळाच्या स्पर्धा जिंकायची. दहा वर्षांत मला हे माहीत नव्हतं, कारण दर वेळी तिचं वाक्य मी भलतीकडेच नेऊन संपवत होते. मला माझीच शरम वाटली.

म्हणून एक प्रश्न विचारते. गाडीतलं मला काही कळत नाही, नवख्या बाईचा प्रश्न समज. ठकू गाडी चालवते तेव्हा तुझा पाय कुठे असतो?

राग आला तर येऊ दे, पण उत्तर पाठव.
तुझी ताई

७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग आला. चांगले तीन दिवस टिकला. शिकवणीच्या गाडीत मास्तरच्या बाजूला दुसरा ब्रेक असतो, तो अडीअडचणीसाठी असतो, आणि माझा पाय त्याच्या बाजूला, जमिनीवर असतो, असं खरमरीत पत्र लिहून पाकिटातही घातलं होतं.

ते पेटीत टाकायच्या आधी गाडी गॅरेजात नेली. मेकॅनिक खाली वाकला होता, त्याने सहज विचारलं, मास्तर, तुमच्या बाजूच्या पेडलचं रबर पुन्हा बदलू ना? पुन्हा? म्हणजे किती वेळा? तो म्हणाला, या गाडीत ही तिसरी खेप. मग मी गुडघ्यांवर बसून पाहिलं. माझ्या पेडलचं रबर झिजून लोखंड उघडं पडलंय. शिकणाऱ्याच्या बाजूचं रबर पहिलंच, त्याच्यावरच्या रेघा अजून नखाला लागतात.

ताई, मी तिथेच बसून राहिलो. एकतीस वर्षं शिकायला आलेल्या सगळ्यांच्या आधी ब्रेक मी लावत होतो. जोरात नाही, हलकेच, त्यांच्या पायाच्या एक क्षण आधी. मला कळतही नव्हतं. ठकूला चाचणीच्या गाडीचा ब्रेक जड लागतो, कारण खरा ब्रेक तिने कधी दाबलेलाच नाही. तिच्या परवान्याच्या परीक्षेतही पास मीच झालो.

घरी येऊन सांगितलं, तर ठकूची आई म्हणाली, तिला माहीत होतं. ठकूने आमटीचं पातेलं उचललं तरी टेबलाखाली माझा पाय दाबला जातो म्हणे. मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, विचारलं. ती म्हणाली, बोलायला तुम्ही जागा कुठे ठेवता.

ठकूलाही सगळं सांगितलं. फार जड गेलं. ती उठून अंगणात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र वेळेवर गाडीपाशी उभी होती. मी शेजारी बसलो, पाय आवरायचा ठरवून. पहिल्याच वळणावर पाय गेला. दुसऱ्यालाही गेला. पाय माझं ऐकत नाही, ताई. सहा आठवडे उरलेत. तुझ्या डॉक्टरांकडे यावर काही असेल तर कळव, मी हसणार नाही.

तुझी आठवण रोज होते, आता तर जास्तच.
तुझा धाकटा

२९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांना तू काय लिहिलंस ते त्यांनी दाखवलं. डॉक्टरांकडेही उपाय नाही, पण एक्स-रे काढताना रुग्णाजवळ रेंगाळायचा मोह व्हायचा तेव्हा तू स्वतःला भिंतीमागे कोंडून घ्यायचीस, तसं काहीतरी त्यांनी करावं, असं. बाबांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी गाडीत बसले, बूट काढले, आणि सीटवर चक्क मांडी घातली. बूट मांडीवर, वरून पट्टा. शेजारच्या मोटारीतली मुलं बघून हसायला लागली. बाबांनी त्यांना मान लववून नमस्कार केला.

पहिला आठवडा रिकाम्या मैदानावर, मग रस्त्यावर. आत्या, ब्रेक खरंच जड असतो गं! पोटरीत गोळे आले. आणि रस्त्यावरच्या चौथ्या दिवशी मी कचऱ्याच्या डब्यावर गाडी घातली. गाडीच्या पुढच्या बाजूला मोठा पोचा पडला. मला वाटलं, आता संपलं. बाबा खाली उतरले, अनवाणीच, पोच्यावरून हात फिरवला, आणि म्हणाले, किती अंतरावरून दाबलास ते आठव, आणि तेवढ्याच वेगाने पुन्हा ये. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला बोलावून गाडीच्या पाठीवरची ती ओळ त्यांनी पुसून घेतली. पोचा काढायचा नाही म्हणतात. नव्या शिकणाऱ्यांना तोच आधी दाखवतात.

खरं सांगू? ज्या दिवशी पेडलचं कळलं त्या दिवशी मी अंगणात खूप रडले. परवाना मिळाला तेव्हा गल्लीभर मिरवले होते, आणि तो लाजेचा घास होता. बाबांचा राग आला. पण मांडी घालून बसलेल्या त्या माणसाकडे बघ ना तू! दर वळणाला त्यांच्या पायाची बोटं आवळतात, कपाळावर घाम येतो, आणि मांडी सुटत नाही. माझे बाबा असे आहेत हे मला माहीत नव्हतं. आता मी ते गल्लीभर मिरवणार आहे.

वीस एप्रिलला आता तीन आठवडे उरलेत. तुझ्या वहीत माझाही एक प्रश्न लिही: जागा मिळाली आणि आपणच कमी पडलो तर?

तुझी लाडकी (दुसरी कोण आहे?)
ठकू

२१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झाली! ठकू पास झाली! पहिल्या क्रमांकाने नाही, तिसऱ्या. पण तिसरा क्रमांक सगळा तिचा आहे.

मला फाटकाबाहेर थांबवलं होतं. परीक्षकाने मध्येच वाटेत खोकं सरकवलं, हे मला दुरून दिसलं. माझा पाय त्या रस्त्यावर इतक्या जोरात दाबला गेला, की टाचेला आज सूज आहे. गाडी खोक्याच्या हातभर अलीकडे थांबली. परीक्षकाने म्हणे तिला विचारलं, या वेळी ब्रेक कोणी शिकवला? ती म्हणाली, माझी मीच शिकले, बाबा शेजारी मांडी घालून होते. त्याला काय समजलं असेल देव जाणे. मला समजलं, आणि फाटकापाशी लोक बघत असताना मी रडलो. माझ्या पोरीचा मला इतका अभिमान वाटला, की एकतीस वर्षांचा तो सगळा अभिमान त्यापुढे फिका पडला. आणि तुझाही वाटला, ताई. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कोरी वही घेऊन वर्गात बसणारी माझी बहीण आहे, हे मी आता गॅरेजात सांगत असतो.

एक तारखेपासून ती कामावर जाते. तिला चार दिवस रजा मिळेल तेव्हा तिघंही तुझ्याकडे येतो. गाडी तीच चालवणार, सहा तास. मी अर्थात डोळ्यांत तेल घालून जागा असेन.

भेटीत काय ते बोलूच.
तुझा धाकटा

२४ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुम्ही गेलात आणि घर ओकंबोकं झालं. पोचा मी डोळे भरून पाहिला, शेजारणीलाही दाखवला. रुग्णवाहिकेच्या गणवेशातला ठकूचा फोटो वाचनालयाच्या माडीवर सगळ्यांनी पाहिला, आणि मी कोणी न विचारता दोनदा दाखवला. जागा मिळून आपणच कमी पडलो तर, हा तिचा प्रश्न मी वर्गात वाचला, तर डॉक्टरांनी उत्तर मलाच विचारलं. कमी पडलो तरी ते कमी पडणं आपलं असतं, आणि पोचा काढून घ्यायचा नसतो, असं मीच त्यांना सांगितलं. त्यांनी ते स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं. मी जरा ताठ बसले.

वाटेत कसा होतास म्हणून मी विचारलं, तेव्हा सगळा रस्ता जागा होतो, एकही वळण सुटलं नाही, असं तू छाती काढून सांगितलंस. मी मान डोलावली. नंतर ठकू आणि तिची आई स्वयंपाकघरात आल्या. ठकू सांगत होती, पहिल्या पुलानंतर तुझी मांडी सुटली आणि दोन्ही पाय जमिनीवर सैल पडले. तिला वाटलं, आता ब्रेक दाबला जाणार. तेवढ्यात घोरण्याचा आवाज आला. एकतीस वर्षांत तू चालत्या गाडीत डोळा मिटला नव्हतास, म्हणून तुझी झोप मोडू नये यासाठी दोघी पुढचे अडीच तास एकमेकींशी अक्षर बोलल्या नाहीत. हे सांगताना पोरीचा चेहरा असा काही होता, की मला भाजी ढवळायचं सुचेना.

काल वर्गात वहीतलं शेवटच्या प्रश्नाचं ते पान उघडलं. पुढे सरकलो हे ओळखायचं कसं, त्या प्रश्नाखाली इतके दिवस कोरं होतं. तिथे मी एक ओळ लिहिली आणि वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, आणि किती वेळ एवढंच विचारलं. मी म्हटलं, अडीच तास.

ओळ अशी आहे: धाकटा गाडीत झोपला.

तुझी, आणि आता तुझ्या घोरण्याचीही अभिमानी,
ताई