नाना, तुमची ती तपकिरी बटणं

प्रिय नाना,

आज दुपारी ओवीनं तुमच्या फिश टँकच्या काचेला बोट लावलं आणि मी एवढ्यांदा ओरडले की पोर दचकून रडायलाच लागली. नुसती काच होती हो ती! सहा वर्षांच्या मुलीला काय समजावू? म्हणून तुम्हाला लिहितेय.

शाळेतून निवृत्त झालात आणि जळगावच्या उन्हात तुम्ही समुद्र आणून बसवलात. मे महिन्यात पंखा आमच्यावर कमी, त्या पाण्यावर जास्त! "अनिता, हाई बठ्ठं जित्तं शे," म्हणायचात, हे सगळं जिवंत आहे म्हणून. हे लेदर कोरल, म्हणजे चामड्यासारखं मऊ पोवळं, हे मशरूम कोरल, हे समुद्रफूल. मी म्हणायचे, "नंतर, नाना. कुकर लागलाय." सासऱ्यांना असं किती वेळा परतवलं असेल?

होळीनंतर तुमचं हृदय अचानक थांबलं आणि टँक माझ्या गळ्यात आला. लेदर कोरल आकसलं, त्यावर मेणासारखा पापुद्रा चढला. मला वाटलं, मेलं. दगडाला चिकटलेली ती शर्टाच्या बटणांसारखी गोल, तपकिरी बटणं मात्र फोफावली, दगडावरून सरकत समुद्रफुलापर्यंत पोचली. मला ते शेवाळच वाटलं.

एका सकाळी तुमचा प्रशांत नरडाण्याला कामावर गेल्यावर मी बटणांचा एक दगड न्हाणीघरात नेला. खिडकी बंद होती. त्यावर उकळतं पाणी ओतलं आणि कपड्यांच्या ब्रशनं खसाखसा घासला. ओवी दारात उभी होती. "आई, बटणं मिटली," म्हणाली. मी हसले, नाना. हसले!

अर्ध्या तासानं तोंड कडू झालं, तांब्याचा पैसा चघळल्यासारखं. मग ओवी खोकायला लागली. भर उन्हाळ्यात तिला हुडहुडी भरली. मी प्रशांतला फोन केला, त्यानं धुळ्याच्या ललितभाऊंना. तुमचे तेच दोस्त, कापड दुकानाच्या माळ्यावर टँक ठेवणारे. त्यांचा लगेच मला फोन आला.

"वहिनी, दगडावर उकळतं पाणी टाकलं का?"

"हो."

"मग पोरीला उचला न् आधी घराबाहेर निघा. त्या बटणांत विष असतं, वाफेतून छातीत जातं. दवाखाना गाठा, डॉक्टरांशी मी बोलतो."

रिक्षात ओवी म्हणाली, "आई, श्वास पुरत नाही." तिचे ओठ बघायची हिंमत होईना. माझीही छाती आवळत होती, पण माझं काय घेऊन बसलात! डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं काय होतं ते?" माझ्याच घरातल्या वस्तूचं नाव मला सांगता येईना. ललितभाऊंना फोन लावून नुसता पुढे केला.

दोघींना ऑक्सिजन लावला. दोन दिवस मी शेजारच्या खाटेवरून तिची छाती वर-खाली होताना बघत होते. डोळे मिटले तर ती थांबेल असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी तिनं पोहे मागितले आणि मी परिचारिकेच्या गळ्यात पडून रडले.

घरी आल्यावर प्रशांतनं तुमची टँकची वही उघडली. तुमचंच अक्षर: "बटणांचा दगड घासला. थंडी, ताप, तोंड कडू. घरच्यांना ऊन लागल्याचं सांगितलं. यापुढे हातमोजे. अनिताला सांगणे."

नाना! तुम्हाला ठाऊक होतं? त्या तापात मी तुम्हाला कैरीचं पन्हं करून देत होते, आणि तुम्ही गुमान पीत होतात? मी टँक बाहेर काढायला लावीन म्हणून घाबरलात ना? लावलाच असता! की सांगायला आला होतात आणि मीच "नंतर" म्हणाले? खूप आठवून बघितलं, आठवत नाही.

प्रशांत म्हणत होता, सगळं फेकून देऊ. तेवढ्यात ललितभाऊ आले, डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे. आधी न्हाणीघर त्यांनी स्वतः धुतलं. बटणांचे उरलेले दगड पाण्याबाहेर न काढता, आतच झाकणाच्या बादलीत सरकवले आणि धुळ्याला नेले. जाताना लेदर कोरल बघून म्हणाले, "वहिनी, हे मेलं नाही. कात टाकतंय. पाण्याचा प्रवाह जरा वाढवा." समुद्रफुलाचं तोंड घट्ट मिटलेलं, पाय दगडाला चिकटलेला, म्हणजे ते बरं आहे. तोंड सैल पडलं, वास आला, तर लगेच फोन करायचा. सगळं लिहून घेतलं मी.

चार दिवसांनी पापुद्रा गळला आणि लेदर कोरलनं सगळी बोटं उघडली. मी जिवंत जीव कचऱ्यात टाकणार होते, नाना. त्या दिवशी प्रशांतला सांगितलं, टँक राहू दे.

पण भीती काही गेली नाही. रोज सकाळी ओवीला बाहेर पाठवते, कडी लावते, मोजे-गॉगल चढवते, तरी पाण्यात हात घालण्याआधी कडी पुन्हा एकदा ओढून बघते.

तुम्हाला वचन देते. तुमचं समुद्रफूल मी जगवीन. ओवीला काचेबाहेरून एकेकाचं नाव शिकवीन, आणि त्याच्याशी काय करायचं नाही तेही. मात्र ती मोठी होईपर्यंत तिचा हात त्या पाण्यात जाऊ देणार नाही. हवं तर रागवा माझ्यावर.

तुमच्यावर रुसलेली, तुमचीच सून,
अनिता