शनिवारची सही

सातिवली, वसई पूर्व
११ मार्च २०२५

ती. सौ. आईस,
रिद्धीचा नमस्कार.

मी बरी आहे, डबा वेळेवर येतो. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर बाबा स्पीकर लावतात, म्हणून लिहिते आहे.

महिला दिनाचा माझा फोटो तू सगळ्या नातेवाइकांना पाठवलास, असं उन्नती म्हणाली. शनिवारी कारखान्यात आम्हा पाचजणींना फेटे बांधले, गुलाब दिले आणि दुपारची सुट्टी दिली. पॅकिंगच्या मावशींना वर्षातून तेवढीच दुपार मोकळी मिळते. म्हणून तो दिवस नकोच, असं मी म्हणणार नाही.

पण त्या सकाळी मी तपासणीत पंपाचे दोनशे शाफ्ट अडवले होते. व्यास तीन शतांश मिलिमीटर कमी भरत होता. असा पंप आज चालतो आणि सहा महिन्यांनी गळतो. आमचे सुपरवायझर विलास सर म्हणाले, "आज तरी तो मायक्रोमीटर ठेवा, मॅडम. आज तुमचा दिवस!" मी ठेवला आणि खोलीवर गेले.

सोमवारी आले तेव्हा माल गेलेला होता. आता तपासणीच्या कागदावर त्यांना माझी शनिवारची सही हवी आहे. मी म्हटलं, हजेरीत त्या दुपारी मी सुट्टीवर आहे. सर हसले. "फेटा बांधून घेताना बरं वाटलं ना? मग आता एवढं करा की!"

उद्यापर्यंत मुदत दिली आहे. मी सही करणार नाही.

उन्नतीच्या डिप्लोमाचा अर्ज मात्र भरा, ताईची नोकरी गेली तरी थांबू नका.

या आठवड्यात मी अचानक आले, तर बाबांना दारातच काही विचारू देऊ नकोस.

तुझी,
रिद्धी