जत्रेच्या दुसऱ्या दिवशी

रविवार, २१ डिसेंबर

बाबा,

आज दोन्ही मुलांना घेऊन भातकुलीच्या पुढच्या एका गावाला गेले होते. तिथल्या देवीची जत्रा काल संपली. सकाळी पोळ्या आणि आलूची सुकी भाजी डब्यात भरली, पाण्याच्या बाटल्या घेतल्या, एक जुनी चादर घेतली आणि सीट भरायची वाट पाहत उभ्या असलेल्या ऑटोत बसलो. दुपार कलल्यावर परत आलो. दोघंही चार घास खाऊन दिवेलागणीलाच झोपली. हे अजून दुकानातून यायचे आहेत. रविवारी यांचं दुकान जास्त चालतं, त्यामुळे मुलांना कुठे न्यायचं म्हटलं की मी एकटीच असते. पाय दुखत आहेत. भांडी तशीच पडली आहेत. तरी बसले.

तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं. म्हणजे तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही. मी अकोला सोडून आता अमरावतीत असते, एका शाळेच्या ऑफिसात काम करते. मुलगी आठ वर्षांची आहे, मुलगा पाच. मुलाला आवाज आणि गर्दी सहन होत नाही. सहन होत नाही म्हणजे कंटाळा येतो असं नाही. तो दोन्ही हातांनी कान दाबतो, डोळे मिटतो आणि मग ओरडत सुटतो. कुकरची शिट्टी, वरातीचा बँड, बसस्टँडवरची घोषणा, काहीही पुरतं. बोलतो थोडंच. आम्ही डॉक्टरांकडे जातो, दर आठवड्याला त्याला एका बाईंकडे शिकायलाही नेतो. हळूहळू होईल म्हणतात. होतही आहे, पण फार हळू.

त्यामुळे आम्ही कुठे जात नाही. लग्नाला मी एकटी जाऊन आहेर देऊन येते. सुट्टीत मुलीच्या वर्गातली मुलं चिखलदऱ्याला जाऊन येतात, सेमाडोहला जाऊन येतात, आणि ही माझ्याकडे पाहत राहते. दिवाळीनंतर मी हिंमत करून दोघांना इथल्या मैदानावरच्या आनंद मेळाव्यात नेलं. गेटच्या आत पाऊल टाकलं तोच भोंगा सुरू झाला. मुलगा तिथेच धुळीत आडवा पडला. लोक जमले. एक बाई म्हणाली, "नजर लागली याले, मीठ उतरवून टाका." दुसरी म्हणाली, "लाडावून ठेवलं, दुसरं काही नाही." मी त्याला उचलायला वाकले आणि मुलीला हाक मारणार, तर ती शेजारी नव्हती. थोडी लांब एका अनोळखी बाईला लागून उभी होती. त्या बाईचीच मुलगी असल्यासारखी उभी होती आणि आमच्याकडे पाहत नव्हती.

त्या दिवशी मी तिला काही बोलले नाही. घरी आल्यावर तीच म्हणाली, "याच्यामुळं आपण कुठंच जात नाही. याले घरी ठेवत जा." तेव्हापासून ती त्याच्याशी फारशी बोलत नाही. आपली पेन्सिल त्याने घेतली तर हिसकावून घेते. आपल्या मैत्रिणी आल्या की त्याच्या खोलीचं दार लोटून घेते. मुलाचं काय होईल याची काळजी मला आहेच, पण गेला महिनाभर जास्त काळजी मला मुलीची वाटते. उद्या मी नसेन तेव्हा याला तीच असणार आहे.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, घरात आणखी कोणी असं होतं का. मी लगेच नाही म्हणाले. परत येताना ऑटोत बसल्यावर तुम्ही आठवलात.

तुम्ही नगरपालिकेच्या पाणीटाकीवर ड्यूटीला होता आणि रात्रपाळी मागून घ्यायचात. लोकांना वाटायचं, दिवसा दुसरं काही काम करत असाल. तुम्ही दिवसा घरी मागच्या खोलीत शांत बसून असायचात. लग्नकार्यात मांडवात कधी दिसायचा नाहीत, बाहेर पाण्याच्या पिंपाजवळ उभे राहायचात. बस भरून आली की चढायचा नाहीत, पुढची येऊ द्यायचात, तीही भरलेली असली तर त्याच्या पुढची. आई चिडायची. "तुमच्यासाठी सरकार रिकामी गाडी पाठवणार हाय का?" तुम्ही पुढच्या बसच्या दिशेने बघत उभे.

आणि जत्रा. आमच्या अकोल्याजवळच्या त्या जत्रेला तुम्ही मला दरवर्षी न्यायचात, पण जत्रेच्या दुसऱ्या दिवशी. मी सायकलच्या दांड्यावर बसले आहे. मागे कॅरिअरला डबा बांधलेला आहे. आई दारातून म्हणते आहे, "लोकं जत्रा पाहून आले अन् तुमी आता पोरीले काय दाखवता? नारळाच्या शेंड्या?" तुम्ही पायडल मारता. मैदानावर माणसं उरलेली असतात ती सगळी आवराआवर करणारी. तंबूंची पालं सोडताहेत, बांबूच्या बल्ल्या उपटताहेत. हलवाई उरलेली जिलेबी अर्ध्या किमतीत देतो. लाकडी पाळणा अजून उभा असतो, आणि पाळणेवाला मला एकटीला बसवून हाताने फिरवतो, पैसे घेत नाही. "कल कहाँ थे साहब?" असं तो तुम्हाला दरवर्षी विचारतो, आणि तुम्ही दरवर्षी नुसते हसता. तुम्ही इतके मोकळे हसताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं आठवत नाही.

मला मात्र लाज वाटायची. शाळेत मुली विचारायच्या, मौत का कुआँ पाहिला का, मी हो म्हणायचे. एकदा मी वाटेतच रडायला लागले, की सगळ्यांचे बाबा बरोबर दिवशी नेतात, तुम्हीच काऊन एक दिवस उशिरा नेता. तुम्ही सायकल थांबवली. म्हणालात, "काल आली असती तं तुले काय दिसलं असतं? लोकाईचे पाय." बस एवढंच. मग पुन्हा पायडल मारायला लागलात.

आई शेवटपर्यंत म्हणायची की तुम्ही पैसे वाचवायला तसं करायचात. मीही तसंच धरून चालले होते. आता तसं वाटत नाही. पण बाबा, मला खरी जत्रा तुम्ही कधीच दाखवली नाहीत, हेही मी विसरलेले नाही. आईबरोबर पाठवू शकला असता. मामाबरोबर पाठवू शकला असता. तुम्हाला ते सुचलं नसेल. तुम्हाला वाटलं असेल, आपल्याला जे बरं वाटतं ते हिलाही वाटत असेल.

म्हणून मी मुलीला आधीच सांगितलं, जत्रा संपलेली आहे. ती म्हणाली, "संपलेली जत्रा पाहाले कोण जाते?" मी म्हटलं, आपण जातो. "मम्मी, तू पण ना," म्हणत तिने तरी चांगला फ्रॉक घातला.

मैदान तसंच होतं. चुलींची राख, कागदी प्लेटा, फुटलेले फुगे, गुलालाचे पट्टे. मुलाने सवयीने ऑटोतून उतरतानाच कान दाबले होते. थोडं चाललो. कुठूनही काही आवाज आला नाही तसा त्याने एक हात काढला, मग दुसरा. एका कडेला घोड्यांचा गोल झोका खोलून ठेवला होता. रंगवलेले घोडे मातीत ओळीने मांडले होते आणि दोन माणसं लोखंडी पाइप ट्रकमध्ये चढवत होती. मुलगा त्या ओळीकडे गेला. पहिल्या घोड्याच्या तोंडावर तळहात ठेवला, मग दुसऱ्याच्या, असं करत शेवटपर्यंत गेला आणि तिथून परत यायला लागला. त्याला अशा ओळी आवडतात. मी चादर अंथरून बसले. मला फक्त बसायचं होतं.

तेवढ्यात वर पाइप ट्रकच्या पत्र्यावर आदळला. मुलाने कान दाबले आणि खाली बसला. मी उठायला लागले. झोक्याची मालकीण, एक म्हातारी बाई, स्टुलावर चहा पीत बसली होती. तिने आमच्या मुलीला मोठ्याने विचारलं, "क्या हुआ इसको? कान दुखता क्या? बोलता नहीं क्या ये? गूंगा है?"

मुलगी त्याच्यापासून चांगली लांब उभी होती. तिला नेहमीसारखं दुसरीकडे पाहता आलं असतं. मी तिच्याकडेच पाहत होते. ती त्या बाईसमोर गेली आणि म्हणाली, "गुंगा नाही तो. बोलते. माझा भाऊ हाय. त्याले आवाज सहन नाही होत. तुम्ही पण हळू बोला ना, आजी."

बाईने चहाचा कप खाली ठेवला. मग खरंच आवाज खाली आणून म्हणाली, "अच्छा, ऐसा है." आणि ट्रककडे वळून, "ए, लोहा धीरे रखो रे. बच्चा है इधर."

"धीरे रखेंगे तो यहीं शाम होगी, अम्मा," वरचा माणूस म्हणाला.

"होने दे. तेरी कौनसी बारात जा रही है?"

दुसरा हसला. मग पाइप टेकवताना एकाने हात खाली धरायचा, असं दोघांनी सुरू केलं. थोड्या वेळाने मुलाने कान सोडले. मुलगी त्याच्याजवळ गेली, त्याला एका घोड्यावर बसवलं आणि स्वतः मागे बसली. "याच्यात काय मजा? घोडा तं हलतच नाही," माझ्याकडे बघून ती म्हणाली, पण उतरली नाही. बाईने मला विचारलं, "कल क्यूं नहीं आई बेटी? कल रौनक थी." मी म्हटलं, गर्दी नको होती. ती म्हणाली, "फिर तो बराबर दिन आई." जेवताना मी तिला पोळी-भाजी दिली. तिने मुलांना फुटाणे-रेवड्या दिल्या.

सगळंच चांगलं झालं असं नाही. परतीच्या ऑटोत गाणी लावलेली होती. बंद करा म्हटलं तर ड्रायव्हर म्हणाला, "ताई, गाण्याबिगर माझी गाडी चालतच नाही." आवाज थोडा कमी केला, पण मुलाने ओरडायला सुरुवात केली होती. पुढच्या फाट्यावर उतरलो. बस कधी येईल कोणाला माहीत नव्हतं. तुरीच्या शेताच्या कडेला उन्हात थांबलो. मुलगा माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पिशवी. मुलगी म्हणाली, "आज पण झालंच ना शेवटी." मी म्हटलं, हो, झालं. एक बस आली, खचाखच भरलेली. मी हात केला नाही. ती निघून गेल्यावर मुलीने बराच वेळ रस्त्याकडे पाहिलं, मग चिडून नाही तर साध्या आवाजात विचारलं, "मम्मी, अजून कुठं कुठं संपलेलं असते?"

मला हसू आलं. मी विचार करून सांगितलं, बाजाराचा दिवस नसला की बैलबाजाराचं मैदान रिकामं असतं. गणपती विसर्जनानंतरचा घाट. परतवाड्याला आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलो तर बस रिकामी मिळेल. ती म्हणाली, "बैलबाजारात शेण असते." मी म्हटलं, असतं. "तरी चालते," ती म्हणाली.

पण मी ठरवलं आहे, पुढच्या जत्रेला तिला तिच्या आत्याबरोबर पाठवायचं, भर गर्दीच्या दिवशी. पाळण्यात बसू दे, कान किटू दे, लोकांचे पाय पाहू दे. आणि दुसऱ्या दिवशी यायचं असलं तर आमच्याबरोबरही येऊ दे. दोन्ही तिला मिळायला हवं. मला हे जमेल का माहीत नाही. मी फार दमते, बाबा. आजच्यासारखा एक दिवस काढायला आठवडाभर मनाची तयारी करावी लागते.

एक सांगायचं राहिलं आहे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, यांनाही नाही. तुमच्या तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. मी मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसले होते आणि पंगत उठेपर्यंत आत आले नाही. सगळे म्हणाले, पोरीने फार मनाला लावून घेतलं. लावून घेतलं होतंच. पण मी बाहेर बसले होते ती आतला आवाज सहन होईना म्हणून.

दोघांच्या मोज्यांना मैदानावरची कुसळं लागली आहेत, धुऊन निघत नाहीत ती. मोजे मांडीवर घेतले आहेत, एकेक कुसळ काढते आहे.