मधुचंद्राची उरलेली बंदरं

पालेर्मो,
५ मे १९६४

ति. पाल्मिराताईस,
धाकट्या झीताचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही सुखरूप आहोत. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण जेनोआ सोडल्यापासून तू रोज वर्तमानपत्रात बुडालेल्या जहाजांची बातमी शोधत असणार. मला दोनदा उलटी झाली, एर्मेतेला एकदाही नाही. तो म्हणाला, चाळीस वर्षं भट्टीसमोर उभं राहिलेल्या माणसाला जमीन हलली काय नि न हलली काय, सारखंच.

आज पालेर्मोला उतरलो. सहलीची बस डोंगरावरच्या सोन्याने मढवलेल्या कॅथेड्रलला निघाली होती. पुढे हिरवी छत्री उंच धरलेली वाटाड्या बाई आणि मागे आम्ही सगळे, बदकांच्या पिल्लांसारखे. बसपाशी पोचतो न पोचतो तोच एर्मेतेने मान वर करून हवा हुंगली आणि माझा हात धरून मला एका बोळात ओढलं. बेकरी! मला वाटलं होतं, माणूस निवृत्त झाला म्हणजे पाव सुटला. कसला सुटतोय! बेकरीवाली बाई सिसिलीच्या बोलीत ओरडत होती, हा आपल्या बोलीत. पिठात तेल आधी की मीठ आधी, यावर दोघांचं असं जुंपलं की रस्त्यावरची माणसं आत येऊन बाजू घेऊ लागली. शेवटी तिने याच्या टकलावर मूठभर पीठ टाकलं आणि आम्हाला कांदा आणि अँचोवी मासळी लावलेला जाडजूड पाव फुकट खायला घातला. तोवर बस गेली होती. परत आलो ते लिंबांच्या गाडीत बसून. ताई, मी साठीची बाई, लिंबांच्या ढिगावर बसून पाय हलवत होते! जहाजावर सगळ्यांनी विचारलं, कॅथेड्रल कसं वाटलं? म्हटलं, फार खमंग.

एक गोष्ट मात्र मनात टोचते. लग्नाला तू काळा पोशाख घालून आलीस, ते असो. पण आम्ही परतल्यावर तुझं कसं, हे तू मला विचारूच दिलं नाहीस. पहिले हे गेले तेव्हा तू मला घरात घेतलंस, आणि आता मीच पेटी उचलून निघाले. पिरेअसच्या जहाज कचेरीत पत्र टाक. रागाचं असलं तरी चालेल.

माया आहे तशीच राहू दे. कमी करायची असलीच तर परतल्यावर तोंडावर कर.

तुझी
झीता


कियावरी,
८ मे १९६४

चि. सौ. झीता हिस,
पाल्मिराचे अनेक आशीर्वाद.

‘सौ.’ लिहिताना पेन जरा अडखळलं, पण लिहिलं. पत्र पोचलं. मी मजेत आहे.

काळा पोशाख माझ्याकडे चांगला तेवढाच आहे, त्यात दुसरं काही शोधू नकोस. आणि तुझ्या नवऱ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आपल्या गावात दगड भिरकावला तर बाचिगालुपो आडनावाच्या कुणाला तरीच लागतो, त्यातला एक तुला लागला. साठाव्या वर्षी लिंबांच्या गाडीवर बसणं शोभतं का, हा प्रश्न मी विचारत नाही. अर्मिदाला पत्र वाचून दाखवलं तर खालच्या मजल्यावरची ती बया हसून हसून खुर्चीवरून घसरली. तिच्याकडून काय वेगळी अपेक्षा ठेवायची!

इकडे सगळं ठीक. मी मजेत आहे. पास्ता सवयीने दोघींचा शिजतो. उरलेला अर्मिदाला नेऊन देते. काल ती म्हणाली, पाल्मिरा, माझा घागरा बसेनासा झाला, तुझी बहीण लवकर परत आली तर बरं. खिडकीतल्या तुळशीला फुटवे आले. संध्याकाळी रेडिओ मोठ्याने लावते, ऐकायला म्हणून नव्हे, आपला असू दे म्हणून. मी अगदी मजेत आहे.

माझं कसं, हे काय विचारायचं? माझं जसं होतं तसंच. तू ऊन टाळ, बर्फ घातलेलं काही पिऊ नकोस, आणि त्या माणसाला एकदा तरी देवळात ने.

माया आहेच. लिहून खर्च करत नाही.

पाल्मिरा


पिरेअस,
१२ मे १९६४

ति. पाल्मिराताईस,
झीताचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे त्याला देवळात नेलं! देव तिथे आता नसले म्हणून काय झालं. अथेन्सच्या टेकडीवर तो एका दमात चढला. वाटेत तीळ लावलेल्या पावाच्या कड्या विकणारा म्हातारा भेटला, तरी याने फक्त चारच घेतल्या आणि पुढे चालू लागला. मला वाटलं, ताप आला की काय. वर पोचलो तर पांढरे खांब, खाली सगळं शहर आणि पलीकडे समुद्र. एर्मेतेने खांब खालपासून वरपर्यंत न्याहाळले. मग म्हणाला, एवढं मोठं बांधलं आणि छप्पर राखता आलं नाही, आणि एवढं बोलून त्याने आमच्या जहाजावरच्या डेन्मार्कच्या अख्ख्या मंडळासमोर माझा मुका घेतला. पहारेकऱ्याने जोरात शिट्टी वाजवली. मुक्यासाठी नव्हे, याने पावाची पिशवी खांबाच्या तुकड्यावर ठेवली होती म्हणून. पण डॅनिश लोकांना वाटलं मुक्यासाठीच, आणि ते पहारेकऱ्याशी आमच्या बाजूने भांडायला लागले! ताई, मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. असं हसू कधीपासून आत साठलं होतं कोण जाणे.

तुझं पत्र एर्मेतेनेही वाचलं. तो स्वतः चार ओळी लिहीन म्हणतो. मी काय लिहितोस विचारलं तर कागदावर हात धरून बसलाय.

अशीच रागावत राहा, म्हणजे विसरली नाहीस हे कळतं.

झीता

आ. पाल्मिराताईंस,
एर्मेते बाचिगालुपोचा सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, पिठावर बोटाने हिशेब लिहिलेला माणूस मी. तेव्हा सरळ सांगतो. जो मजेत असतो तो एकदा सांगतो आणि पुढचं बोलतो. तुम्ही ते फिरून फिरून सांगितलंत. झीता हसता हसता मधेच थांबते, तेव्हा ती कुणाचा विचार करते हे मला कळतं.

आमच्या समोरच्या केबिनमधलं बेर्गामोचं जोडपं भांडून नेपल्सला उतरणार आहे. ती खोली मी तुमच्या नावावर केली आहे. १९ तारखेला नेपल्स. पुढे पाल्मा, बार्सेलोना, मार्सेय, मग घर. तुमच्याकडे फ्रान्समधल्या लूर्दच्या यात्रेला काढलेला पासपोर्ट आहे, असं झीता म्हणाली. या. मी नसतो तर तुम्ही दोघी बहिणी कधीतरी गेलाच असतात, अशी माझी समजूत आहे. गेला नसतात, तरी आता जाऊ.

तुमचा माझ्यावरचा लोभ अजून सुरू व्हायचा आहे. तो नेपल्सपासून व्हावा.

एर्मेते


कियावरी,
१५ मे १९६४

चि. सौ. झीता आणि श्री. एर्मेते यांस,
आशीर्वाद.

नाही. लिहिण्यासारखं एवढंच होतं, पण पाकिटाला तिकीट लावलंच आहे तर कारणंही लिहिते.

मधुचंद्रात थोरली बहीण म्हणजे कॉफीत मीठ. शिवाय मला समुद्र सोसत नाही. आयुष्यभर तो खिडकीतून पाहिला, तेवढी ओळख पुरे. आणि पासपोर्टचं म्हणाल तर लूर्दच्या वेळी मी स्टेशनावरूनच परत आले होते, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पाद्रीबाबा अजून चेष्टा करतात. बाकीच्या बायका डब्यात चढल्या आणि माझा पाय फलाटावरून उचललाच गेला नाही. तेव्हा खोली दुसऱ्या कुणाला द्या. विषय संपला.

अर्मिदा उगाच विचारत होती की जहाजावर संध्याकाळी बायका डोक्याला काय बांधतात, वाऱ्याचा त्रास होतो का. मला काय करायचंय, पण कळलं तर तिला सांगेन. नेपल्सला जाणारी सकाळची गाडी दुपारी पोचते, असंही तिनेच कुठूनसं ऐकून आणलं. रिकामी बाई, दुसरं काय.

तुळस ती सांभाळेल. म्हणजे सांभाळली असती, असं म्हणायचं होतं.

तुमचीच, पण येत नाही,
पाल्मिरा


कियावरी (होय, कियावरीच!),
२० मे १९६४

ति. पाल्मिराताईस, बार्सेलोना मुक्कामी,
झीता व एर्मेतेचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तार मिळालीच असेल. आता सविस्तर.

तुझं ‘येत नाही’ वाचून एर्मेते म्हणाला, निघाल्या! नेपल्सला उतरताच आम्ही पोंपेईची सहल सोडून फुलांचा हाताएवढा गुच्छ घेतला आणि सरळ स्टेशन गाठलं. सकाळची गाडी आली. तू नाहीस. मला वाटलं, पुन्हा फलाटावर पाय अडकला असेल. एर्मेते म्हणाला, पुढच्या गाडीने येतील. पुढची आली. मी रडायच्या बेतात होते, म्हणून तो पलीकडून गरम पापुद्र्यांच्या करंज्या घेऊन आला. मग आणखी एक गाडी. आम्हाला काय ठाऊक की तू आदल्या रात्रीच्याच गाडीने येऊन सकाळीच जहाजावर चढून बसली आहेस!

भोंगा ऐकू आला तेव्हा टॅक्सीत होतो. धक्क्यावर पोचलो तर जहाज आणि धक्का यांच्यामध्ये पाणी. मी ओरडतेय, एर्मेते धावतोय, आणि वरच्या कठड्याशी काळ्या पोशाखातली एक बाई जोरजोरात हात हलवतेय. मी म्हटलं, बघ, ती बिचारी कुणाला तरी निरोप देतेय. मग लक्षात आलं, निरोप कसला, ती आम्हाला परत बोलावतेय, आणि ती तू आहेस! एर्मेतेने दुसरं काही सुचेना म्हणून गुच्छ हलवला. मी लोखंडी खुंटावर बसून हसले, रडले, पुन्हा हसले. एक खलाशी म्हणाला, बाईंना पाणी द्या.

कपडे, पासपोर्ट, एर्मेतेच्या घराची किल्ली, सगळं जहाजावर. सरहद्द ओलांडून तुला गाठायची सोय नाही. म्हणून रात्रभर गाडीत बसून घरी आलो, अर्मिदाकडून तुझी किल्ली घेतली, आणि आता तुझ्याच स्वयंपाकघरात आमचा मधुचंद्र चालू आहे. एर्मेते तुझा झगा घालून भांडी घासतो. त्याला तो तोकडा होतो.

ताई, तू कधी एकटी शेजारच्या गावीही राहिली नाहीस, आणि आज आमच्यामुळे भर समुद्रात. मला झोप लागत नाही. एर्मेते म्हणतो, तू परत आलीस की आमच्याकडेच राहायचं. भट्टीवरची मागची खोली, ऊबदार. आजच रंग विकत आणतो म्हणाला. नाही म्हणू नकोस. आम्ही २७ तारखेला जेनोआच्या धक्क्यावर पहाटेपासून उभे राहू.

क्षमा कर, आणि जमलं तर थोडी हस.

झीता


बार्सेलोना,
२४ मे १९६४

चि. सौ. झीता हिस, आणि चि. एर्मेते यास,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या रात्रीचं पत्र फाडून समुद्रात टाकलं. त्यात तुम्हा दोघांना गाढव म्हटलं होतं, आणि त्यापेक्षाही वाईट. मी खोलीचं दार आतून लावून खुर्ची टेकवून बसले होते. सकाळी चहा घेऊन आलेल्या माणसाला वाटलं, आत कुणी मेलं.

पाल्माला मी उतरणारच नव्हते. पण जेवणाच्या टेबलावर तुमच्या खुर्च्या रिकाम्या आणि सगळे मलाच विचारणार, लिंबांच्या गाडीवाले कुठे गेले? त्यापेक्षा सहल बरी म्हणून बसमध्ये चढले. डोंगराच्या पोटात गुहा, आणि गुहेत तळं! होडीत तुझी ती डॅनिश मंडळी होती. त्यांनी मला मधे बसवलं. कुणाची भाषा कुणाला येत नव्हती. दिवे गेले, आणि काळोखात पाण्यावरून वादकांची होडी आली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तर शेजारच्या धिप्पाड बाईने तिचा रुमाल दिला आणि स्वतःचं नाक बाहीला पुसलं. एर्मेते, त्या गावी गोगलगायीसारखा गुंडाळलेला गोड पाव मिळतो. त्यात डुकराची चरबी असते. मी कारागिराला विचारून खात्री केली. हातवारे करून विचारलं, डुकरासारखा आवाज काढावा लागला.

आज बार्सेलोना. बस चर्चकडून चर्चकडे चालली होती, मला मधेच बाजार दिसला. मी वाटाड्याला सांगितलं की मी इथेच उतरते, जहाजावर माझी मी येईन. तो म्हणाला, एकट्या? म्हटलं, हो. आणि उतरले. झीता, माझा पाय अडकला नाही. फिरून दमले तेव्हा एका कॉफीच्या दुकानात शिरले. वेटरने विचारलं, किती जण? ते मला भाषा न येताही कळलं. मी एक बोट वर केलं. मला वाटलं होतं, ते बोट वर करताना लाज वाटेल. इतकी वर्षं त्याच बोटाची तर भीती होती! तो खुर्ची पुसून म्हणाला, या. मी बसले. समोरून सगळं गाव जात होतं. दुसरी कॉफीसुद्धा मागवली.

तुझं पत्र इथे मिळालं. मागची खोली नको. रागाने म्हणत नाही, एर्मेतेने मनावर घेऊ नये. रंग आणला असेल तर लावा, आणि तिथे पिठाची पोती ठेवा. मी तुमच्या घरात कोपरा धरून बसले तर झीता सारखी माझ्या तोंडाकडे बघत राहील आणि हसता हसता थांबेल. ते मला नको. मला माझं घर आहे, माझी खिडकी आहे, आणि डॅनिश बाईने ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे बोलावलं आहे. तिथे समुद्र थंड असतो म्हणे. बघू.

तुमचं सामान बांधून ठेवलं आहे. झीता, तुझा निळा झगा मी दोनदा घातला, तो आता माझा. धक्क्यावर पहाटेपासून उभं राहू नका, माझी मी आगगाडीने येईन. मी पोचायच्या आत माझं घर रिकामं करा, आणि एर्मेते, झगा धुऊन टांग.

रविवारी दुपारी मात्र दोघं जेवायला या. पाहुण्यांसारखे या, चांगले कपडे घालून. किल्ली वापरू नका. खालून घंटी वाजवा, मी दार उघडीन.

तुम्हा दोघांवर जीव आहे. हे एकदाच सांगते.

पाल्मिरा